पाण्याच्या नमुन्यांवरून झोन पाडले आणि नकाशात गोल चकत्या आल्या? या क्रमाने तपासा

तुमच्याकडे विहिरी-बोअरच्या पाण्याचे नमुने आहेत, प्रत्येकाचं लोकेशन आहे, पुढे एक आकडा आहे, आणि त्यावरून "हा भाग गोडा, हा मचूळ, हा खारा" असे पट्टे पाडून त्यांना नावं द्यायची आहेत. काम सोपं वाटतं, पण नकाशा समोर आला की डोक्याला हात लागतो. माझ्याकडे अशा फाइली सारख्या येत असतात, कॉलेजची पोरं पाठवतात, पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्था पाठवतात, आणि बिघाड फिरून फिरून तोच असतो म्हणून एकदाचं लिहून ठेवतोय.

उदाहरणं सगळी खारपाण पट्ट्यातली, म्हणजे अकोला-अमरावती-बुलढाण्यातलं पूर्णेचं खोरं. वर सातपुडा, खाली अजिंठ्याचे डोंगर, मधे नदीनं आणून टाकलेला गाळ आणि त्या गाळातलं पाणी खारं. मोजायचं काय तर ईसी, म्हणजे पाण्यातून वीज किती वाहते ते, त्यावरून क्षारांचा अंदाज येतो. तुमचा आकडा मातीच्या सामूचा नाहीतर सेंद्रिय कर्बाचा असला तरी क्रम हाच ठेवा. सॉफ्टवेअर क्यूजीआयएस धरलंय.

लक्षणं

यातलं काय दिसतंय ते आधी बघा:

- एकेका विहिरीभोवती गोल चकती, बैलाच्या डोळ्यासारखी, आणि चकतीला लागून एकदम भलताच रंग
- पॉइंट जिल्ह्यात नाहीतच, नाहीतर बरेचसे एकाच ठिकाणी ढीग लागल्यासारखे
- अख्खा नकाशा एका रंगात आणि कुठेतरी एखादा लालभडक ठिपका
- जिथे एकही नमुना नाही तिथेपण झोन, थेट चौकटीच्या कोपऱ्यापर्यंत रंग गेलेला
- झोनचे शेकडो बारीक तुकडे, काही तर एका पिक्सेलचे
- लेबल झोनच्या बाहेर पडतंय, नाहीतर गायब, नाहीतर मराठी अक्षरं फुटलेली

हे दिसलं की लोक पहिल्यांदा इंटरपोलेशनची, म्हणजे नमुन्यांच्या मधल्या जागेत अंदाजाने आकडा भरायची, पद्धत बदलतात. आयडीडब्ल्यू (जवळच्या विहिरीला जास्त वजन देणारी) नको तर क्रिगिंग (अंतरानुसार आकडा किती बदलतो ते बघून भरणारी), क्रिगिंग नको तर स्प्लाइन (गुळगुळीत वाकणारा पृष्ठभाग बसवणारी), आठवडा त्यात जातो आणि चकती तिथेच. बहुतेक वेळा भानगड शीटमध्ये असते, म्हणून पद्धतीला सगळ्यात शेवटी हात लावायचा.

१. पॉइंट नुसते नकाशावर टाकून बघा

पैसे शून्य, वेळ चहा होईपर्यंत. खाली ओपन स्ट्रीट मॅप लावा आणि पॉइंट कुठे पडतात ते बघा.

अक्षांश-रेखांश उलटे भरले असतील तर अकोल्याची विहीर थेट स्वालबार्डला, उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फात जाते, कारण ७७ उत्तर आणि २० पूर्व म्हणजे तोच भाग. हे सापडतं लगेच. आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात ठिपका दिसला तर दोन्ही खान्यांत शून्य भरलंय, तेही लगेच कळतं.

न कळणारा प्रकार म्हणजे अंश-मिनिट-सेकंद तसेच दशांशात टाकलेले. २० अंश ४५ मिनिट ३० सेकंद हे २०.४५३० म्हणून टाइप केलेलं असतं, खरं हवं २०.७५८३. पॉइंट जिल्ह्याच्या आसपासच पडतो म्हणून कोणाला शंका येत नाही, पण विहीर चौतीस किलोमीटर दक्षिणेला सरकलेली असते. ओळखायची युक्ती अशी की अख्ख्या कॉलममध्ये दशांश चिन्हानंतरचे पहिले दोन आकडे बघा, साठ ते नव्याण्णवमधलं एकही दिसलं नाही तर ती मिनिटं असण्याची दाट शंका घ्या. फाइल दोघातिघांनी भरली असेल तर प्रत्येकाच्या ओळी वेगळ्या काढून हे बघा, एकजण बरोबर आणि एकजण चूक असं हमखास असतं.

आणि ढीग लागलेला असेल तर बाटल्या ग्रामपंचायतीत गोळा झाल्या आणि मोबाइलवर लोकेशनपण तिथेच बसून घेतलं असं समजायचं. एकाच जागी ८००, २६०० आणि ४१०० असे ईसीचे तीन आकडे असले तर इंटरपोलेशन तरी काय करणार. इथे डुप्लिकेट डिलीटचं बटण दाबू नका, ते कुठलातरी एक ठेवून बाकीचे उडवतं. विहिरीची खरी लोकेशनं परत मिळवा, मिळत नसतील तर गावाचा एकच पॉइंट ठेवून मधली किंमत घ्या आणि शेऱ्यात तसं लिहा.

२. आकड्यांचा कॉलम चढत्या क्रमाने लावा

हेपण फुकटच. सॉर्ट करा आणि वरचे वीस, खालचे वीस नीट वाचा.

इंटरपोलेशनच्या यादीत तुमचा कॉलम दिसतच नसेल तर तो टेक्स्ट झालाय. कुठेतरी "१,८५०" असा स्वल्पविराम असतो, कुठे "कोरडी" लिहिलेलं असतं, कुठे आकडा देवनागरीत टाइप केलेला असतो आणि क्यूजीआयएस तो आकडा म्हणून घेत नाही. नमुना मिळाला नाही तिथे शून्य भरलेलं असेल तर ते रिकामं करा, जमिनीतल्या पाण्याची ईसी शून्य असूच शकत नाही आणि तो एक शून्य आजूबाजूचा सगळा खारा भाग गोडा करून टाकतो.

आता या पोस्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं, युनिट. हातातला ईसी मीटर ठरावीक आकड्याच्या वर गेला की आपोआप मायक्रोसिमेन्सवरून हजारपट मोठ्या मापावर, मिलिसिमेन्सवर जातो (दोन्ही पर सेंटिमीटर). कोपऱ्यातलं बारीक अक्षर बदलतं, मोठा आकडा "१८७०" ऐवजी "२.४" होतो आणि वहीत तेच उतरतं. २.४ मिलिसिमेन्स म्हणजे २४०० मायक्रोसिमेन्स. म्हणजे होतं काय की सगळ्यात खाऱ्या विहिरी शीटमध्ये सगळ्यात गोड्या होऊन बसतात आणि नेमक्या खारपाणाच्या गाभ्यात निळ्या चकत्या उमटतात. सॉर्ट केल्यावर वरती १.९, २.४, ३.१ असे दशांशवाले आकडे आणि त्यांच्या खाली एकदम ४१०, ५६० असं दिसलं तर दुसरं काही नाही, हेच. डेसिसिमेन्स पर मीटर लिहिलं असेल तर तेही मिलिसिमेन्स पर सेंटिमीटरच, आकडा तोच राहतो.

दुसरी सरमिसळ टीडीएसची, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांच्या वजनाची. कोणी मीटर पीपीएमवर ठेवून रीडिंग घेतं. ईसीला साधारण ०.६४ ने गुणलं की टीडीएस येतो, म्हणजे त्या माणसाच्या सगळ्या विहिरी तिसऱ्या हिश्श्याने गोड्या दिसणार. नकाशात एका बाजूची गावं एकदम सुधारली असतील तर तिकडे मोजायला कोण गेलं होतं ते विचारा. मीटर मोजायच्या आधी १४१३ मायक्रोसिमेन्सच्या ठरलेल्या द्रावणावर लावून घेतला होता का तेही विचारा, आणि खाऱ्या भागात नुसतं १४१३ पुरत नाही, १२.८८ मिलिसिमेन्सचं द्रावणपण लावून बघितलेलं बरं. बाटल्या किरकोळ किमतीत मिळतात.

३. सगळे नमुने एकाच जातीचे आहेत का?

इथे थोडा वेळ द्या. चकत्यांचं अर्धं मूळ इथे आहे आणि सॉफ्टवेअर याबद्दल काही सांगत नाही.

गाळाच्या भागात एकाच शेतात उघडी विहीर आणि खोल बोअर शेजारी असतात आणि दोघांचं पाणी अगदी वेगळं असतं, कारण दोघं वेगळ्या थरातलं पाणी ओढतात. उघड्या विहिरीत पावसाचं गोडं पाणी वर तरंगल्यासारखं राहतं, वरून बाटली बुडवली तर गोडं, तळाशी गेलात तर मचूळ. आता अशी विहीर आणि असा बोअर एका लेअरमध्ये टाकले तर जो फरक उभा आहे, वरून खाली, तो नकाशा आडवा म्हणून दाखवतो. चकती म्हणजे तोच फरक. पद्धत कुठलीही लावा, ती जाणार नाही, कारण आकडे दोन्ही खरे आहेत.

म्हणून शीटमध्ये हे कॉलम हवेतच: विहीर की बोअर, खोली किती, तारीख, आणि पंप चालू होता का. बंद पडलेल्या बोअरचं पाइपात साचलेलं पाणी घेऊन उपयोग नाही, पंप थोडा वेळ चालू देऊन, मीटरवरचा आकडा हलायचा थांबला की मग बाटली भरायची. मे महिन्यातले आणि ऑक्टोबरमधले नमुनेपण एकत्र करू नका, पावसाळ्यानंतर उथळ विहिरी पातळ होतात. शेततळ्याचा, कॅनॉलचा, नळाचा नमुना चुकून आत आला असेल तर काढा, तो जमिनीतल्या पाण्याचा नाहीच. (नळाचा येतोच. "पाण्याचा नमुना द्या" म्हटलं की घरातली बाई कौतुकाने स्वच्छ नळाचं पाणी भरून देते, कारण ते चांगलं असतं.)

उपाय साधा आहे, दोन लेअर करा, उथळ आणि खोल, आणि दोन नकाशे काढा. पॉइंट कमी पडतात अशी तक्रार येते. पडू देत. ऐंशी पॉइंटच्या खोट्या नकाशापेक्षा पस्तीस पॉइंटचा खरा बरा.

४. सीआरएस

सीआरएस म्हणजे जागेचे आकडे कुठल्या पद्धतीने मोजलेत ते. मोबाइलवरून आलेले पॉइंट अंशात असतात. इंटरपोलेशन मीटरमध्ये करायचं, कारण अकोल्याच्या अक्षांशावर उत्तर-दक्षिण एक अंश सुमारे १११ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम एक अंश सुमारे १०४, म्हणजे अंतरच दोन दिशांना वेगळं मोजलं जातं. त्यापेक्षा मोठा घोळ पिक्सेलच्या साइजमध्ये होतो, लोक १०० मीटर समजून १०० टाकतात आणि सॉफ्टवेअर ते १०० अंश समजतं, अख्खा जिल्हा एका पिक्सेलमध्ये. सगळा नकाशा एकाच रंगाचा येतो तो यामुळेच.

पश्चिम महाराष्ट्र, मराठवाड्याचा बहुतेक भाग आणि खारपाण पट्टा यूटीएम (मीटरमध्ये मोजायची, पृथ्वीचे पट्टे पाडणारी पद्धत) झोन ४३ मध्ये येतो, त्याचा कोड ईपीएसजी ३२६४३. ७८ अंश रेखांश ओलांडला की ४४ सुरू, ३२६४४. अमरावती जिल्हा या रेषेवरच बसलाय, अमरावती शहर ४३ मध्ये आणि वरुड ४४ मध्ये. दोन टीमनी आपापला झोन लावून फाइली दिल्या आणि तुम्ही कॉलम नुसते एकाखाली एक चिकटवले तर वरुडचे पॉइंट शेकडो किलोमीटर पश्चिमेला जाऊन पडतात. सगळ्यांचं अंशात आणून जोडा, मग एकदाच ४३ मध्ये न्या.

आणि "सेट लेअर सीआरएस" ने पॉइंट हलत नाहीत, फक्त वरचं लेबल बदलतं. बदलायला "रिप्रोजेक्ट लेअर" वापरायचं आणि नवीन फाइल करायची. हे मी किती जणांना सांगितलं असेल.

५. कडा कापा

आयडीडब्ल्यू तुम्ही दिलेली पूर्ण चौकट रंगवतं, नमुना असो नसो. सातपुड्याच्या पायथ्याला दगडगोट्यांचा बझाडा पट्टा आहे तिथलं पाणी गोडं, त्याच्या खाली गाळ सुरू झाला की खारं. दोन्हीकडचे पॉइंट एकत्र टाकले तर सॉफ्टवेअर मधे हळूहळू बदलणारा छान उतार काढून देतं, जो जमिनीत असेलच असं नाही. भूगर्भाचा नकाशा मिळवा, गाळाची हद्द पॉलिगॉन म्हणून काढा, हद्दीच्या आतलं इंटरपोलेशन वेगळं आणि बाहेरचं वेगळं करा. तेवढं जमत नसेल तर निदान पॉइंटभोवतीचा कॉन्केव्ह हल (सगळ्या पॉइंटना लपेटणारी हद्द) काढून त्याने क्लिप करा, म्हणजे जिथे कोणी गेलंच नाही तिथे झोनचं नाव छापलं जाणार नाही.

६. आता पद्धत

वरचं सगळं करूनही चकत्या असतील तर आयडीडब्ल्यूचा पी, म्हणजे अंतराला लावलेला घात, बघा. दोन असतो, वाढवला की जवळच्या विहिरीचं वजन वाढतं आणि चकत्या आणखी ठळक होतात, दीडवर आणून बघा. पण आयडीडब्ल्यूला थोड्या चकत्या येणारच, तो त्याचा स्वभाव आहे, कुठल्याही विहिरीपेक्षा जास्त किंवा कमी आकडा तो काढू शकत नाही म्हणून सगळे उंचवटे-खड्डे विहिरींवरच येतात.

ईसीचे आकडे एका बाजूला लांब शेपटीचे असतात, बऱ्याच विहिरी हजार-दोन हजारात आणि चार-दोन आठ हजारांच्या वर. अशावेळी आकड्यांचा लॉग (लॉगरिदम) घेऊन इंटरपोलेशन करा आणि नंतर उलटवा, त्या चार विहिरी अख्खा तालुका खारा करायच्या थांबतात.

क्रिगिंग करायचं तर स्मार्ट-मॅप प्लगइन आहे. मात्र आधी व्हेरिओग्राम, म्हणजे विहिरींमधलं अंतर आणि त्यांच्या आकड्यांतला फरक यांचा आलेख, बघा. अंतर वाढलं तसा फरक वाढत गेला पाहिजे, आलेख सुरुवातीपासून सपाट असेल तर तुमच्या विहिरी एकमेकींबद्दल काही सांगत नाहीत आणि मधली जागा भरायचा हक्कच नाही. पन्नासच्या आत पॉइंट असतील तर त्या आलेखावर फार विसंबू नका.

पद्धत कुठलीही असो, दहा टक्के विहिरी बाजूला काढून ठेवा, बाकीच्यांवर नकाशा काढा आणि बाजूच्यांशी ताडून बघा. चूक झोनच्या रुंदीएवढी निघाली, म्हणजे ७५० ते २२५० असा झोन आणि चूक हजार-दीड हजाराची, तर झोनची सीमा नुसती काढलेली रेघ आहे.

७. झोन पाडणं

सिंचनासाठी अमेरिकन सॅलिनिटी लॅबोरेटरीच्या १९५४ च्या हद्दी अजून सगळीकडे चालतात: ईसी २५० मायक्रोसिमेन्सपर्यंत कमी, ७५० पर्यंत मध्यम, २२५० पर्यंत जास्त, त्यावर अति जास्त. पिण्यासाठी बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरो) टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर २०००. सिंचनाच्या हद्दीवर पाडलेल्या झोनला "पिण्यायोग्य" नाव देऊ नका, हे सर्रास दिसतं.

पिक्सेलच्या आकड्यांना झोन द्यायचं (रिक्लासिफाय) टेबल भरताना २५१ ते ७५०, ७५१ ते २२५० असं भरलं तर ७५०.४ वाला पिक्सेल कुठेच बसत नाही. क्यूजीआयएस त्याची जुनी किंमत तशीच ठेवतं आणि झोनच्या सीमेवर किड्यांसारखे ठिपके दिसतात. २५० ते ७५०, ७५० ते २२५० असं लागून भरा.

८. तुकडे आणि लेबलं

पॉलिगोनाइझ (पिक्सेलचे झोनचे आकार करणं) करण्याआधी सीव्ह (बारीक तुकडे शेजारच्यात मिसळणारं टूल) चालवा. किती पिक्सेलचा टाकायचा हे विहिरींमधल्या अंतरावरून ठरवा. विहिरी साधारण चार किलोमीटरवर असतील तर एक विहीर सोळा चौरस किलोमीटरची बाजू मांडते, १०० मीटरच्या पिक्सेलमध्ये ते १६०० झाले, मग पन्नास पिक्सेलच्या तुकड्याला "गोडा झोन" म्हणण्यात अर्थ नाही. खरंच गोडी विहीर असेल तर पॉइंट म्हणून दाखवा.

खारपाण पट्टा लांबट आणि वाकडा आहे, त्याचा सेंट्रॉइड, म्हणजे मध्यबिंदू, बाहेर पडू शकतो. प्लेसमेंटमध्ये पॉइंट पॉलिगॉनच्या आतच ठेवायचा पर्याय लावा, नाहीतर पोल ऑफ इनअॅक्सेसिबिलिटी (कडांपासून सगळ्यात आत असलेला बिंदू) काढून त्यावर लेबल द्या. डिझॉल्व्ह (एका झोनचे सगळे तुकडे एकत्र) केल्यावर एकच लेबल राहिलं तर रेंडरिंगमध्ये प्रत्येक भागाला लेबल द्यायची टिक आहे. लेबल गायब असेल तर "पूर्ण बसलं तरच दाखवा" ही टिक काढा.

अक्षरं फुटली तर फाइल सीएसव्ही यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा आणि नोटो सान्स देवनागरी लावा. जुन्या श्रीलिपीत टाइप केलेली गावांची नावं फॉन्ट बदलून दिसणार नाहीत, युनिकोडमध्ये बदलूनच घ्यावी लागतील. आणि शेपफाइल सोडा, जिओपॅकेज वापरा. शेपफाइलमध्ये कॉलमच्या नावाला दहा बाइट मिळतात, मराठीचं एक अक्षर तीन बाइट खातं आणि काना-वेलांटीचे वेगळे तीन, म्हणजे "पाणी" पण पुरतं मावत नाही.

इथे थांबा, माणूस बोलवा

व्हेरिओग्राम सपाट आला, किंवा ताडून बघताना चूक झोनएवढी निघाली, तर पुढे सेटिंग खेळवू नका. नमुने कुठे वाढवायचे हे भूजल जाणणाऱ्यानेच सांगायचं. झोनची सीमा गाळाची हद्द आडवी कापत जात असेल तरी तेच.

आणि नकाशावरून कोणी पाणी पिणार असेल, बोअरची जागा ठरणार असेल, नाहीतर गावाला योजना मिळणार की नाही हे ठरणार असेल, तर तिथे आपलं काम संपलं, चकत्या गेल्या असल्या तरीही. पिण्याचं ठरवायला त्याच स्रोताचा नमुना मान्यताप्राप्त लॅबमध्ये गेला पाहिजे, फ्लोराइड आणि नायट्रेटसकट, ते ईसीवरून कळत नाही. शेजारच्या चार विहिरींवरून काढलेला रंग तिथे चालत नाही.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी असतं, तिथे भूवैज्ञानिक भेटतात. मातीचं असेल तर अकोल्याचं कृषी विद्यापीठ. जाताना नकाशाचा जेपीईजी घेऊन जाऊ नका. मूळ शीट न्या, खोली, तारीख आणि विहीर-बोअर या कॉलमसकट, कुठल्या ओळी काढल्या आणि का त्याची यादी न्या, आणि मोजलं त्या मीटरचं मॉडेल लिहून न्या, पहिला प्रश्न त्याचाच येतो.